चकचकीत कागदावरचा कोंडू

शकुंतलाबाईंच्या हातात सुया लागल्या, मशीन सुरू झालं, की त्यांचे पती जागेश्वर रहांगडाले यांच्याकडे चार तास उरायचे. मंगळवारी चार आणि शुक्रवारी चार. पहिले काही महिने ते डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर नुसते बसून राहिले. मग कंटाळून गोंदियाच्या बाजारात एक चक्कर मारून यायला लागले. या हिवाळ्यापासून मात्र ते हिमांशू तुरकरच्या छापखान्यात जाऊन बसत होते, कारण तिथे त्यांचं काम निघालं होतं.

काम तसं जुनंच. जागेश्वर आमगावच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते; निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी नागपूरच्या एका लहानशा प्रकाशकासाठी 'कोंडू हरकारा' नावाची चित्रकथा काढली होती. कोंडू म्हणजे डाकेची थैली खांद्यावर टाकून सालेकस्याच्या रानातून पळणारा माणूस. दर दोन महिन्यांनी एक पातळ अंक निघायचा. आत काळ्या शाईसोबत एकच रंग असायचा, कधी लाल, कधी हिरवा. त्या आठवड्यात छापखान्यात जो उरला असेल तो. कागद असा की घामेजलेल्या बोटाला शाई लागायची. चित्रं जागेश्वर काढायचे आणि संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं शकुंतलाबाई लिहायच्या. त्यांचं अक्षर चांगलं होतं, एवढंच त्यामागचं कारण. पुढे संवाद फुग्यात मावत नाही म्हणून त्या तो कापायच्या, आणि कापलेला संवाद आधीच्यापेक्षा बरा वाटायचा. काही वर्षांनी प्रकाशकाचं दुकान बसलं. मूळ चित्रं कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. घरच्या पेटीत छापील अंक तेवढे राहिले.

हिमांशूच्या वडिलांना कोंडूचं वेड होतं. वडील गेल्यावर प्रेस हिमांशूकडे आली. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं हे तर चालूच होतं. पण कोंडूचे सगळे अंक एका जाड ग्रंथात काढायचे असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली आणि पुण्या-रायपूरपासून दुबईपर्यंत पांगलेल्या लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली. लहानपणी कोंडू वाचलेले हे लोक आता चष्मेवाले झाले होते.

पौषातल्या एका मंगळवारी हिमांशूने टेबलावर डमी ठेवली. डमी म्हणजे कोरं पुस्तक. जो कागद वापरायचा तोच, जेवढी पानं व्हायची तेवढीच, पक्क्या पुठ्ठ्याच्या बांधणीत. रंग कसा उतरतो ते दिसावं म्हणून मधे काही पानं छापून घातली होती.

"एकशे तीस ग्रॅमचा आर्ट पेपर आहे, सर," हिमांशू म्हणाला. "हात फिरवून तर पाहा."

जागेश्वरांनी हात फिरवला. कागद थंड आणि गुळगुळीत होता, धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखा. छापलेल्या पानावर कोंडू असा काळाभोर उठून दिसत होता की हा आपणच काढला का, असं त्यांना वाटून गेलं. लाल रंग फार भडक होता. छतावरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ पानभर पडली होती. ती कोंडूच्या तोंडावरून जात होती आणि एका फुग्यातला सगळा मजकूर तिच्याखाली गेला होता. त्यांनी पुस्तक तिरकं केलं तशी रेघ खालच्या चौकटीत उतरली.

मग त्यांनी ते एका हाताने उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"वजन हाय गा याले."

"वजन तो होगाच ना, सर. कलेक्टर्स एडिशन आहे, जपून ठेवायची. हातात घेतल्याबरोबर वाटलं पाहिजे की काही तरी घेतलं."

"चमकून राहिला. वाचता येत नाई."

"आजकल सगळं यावरच निघते. लोगों को यही चाहिए."

"हा नको," जागेश्वर म्हणाले. "कादंबऱ्याईले राह्यते तसा साधा कागद पाय. पिवळसर, हलका."

हिमांशूने चष्मा काढून डोळे चोळले. जाहिरातीत त्याने 'आर्ट पेपर, पक्की बांधणी' असं आधीच लिहून टाकलं होतं. "पण काऊन, सर? कारण तर सांगा."

"जुना अंक जसा दिसे, तसा दिसला पायजे."

हे खरं कारण नव्हतं. खरं कारण तिकडे दवाखान्यात खुर्चीवर पडून होतं. शकुंतलाबाईंचा डावा हात चार तास हलवायचा नसे. उजवा मोकळा असे, पण एका हाताने वर्तमानपत्र उलगडत नाही आणि घडीही होत नाही. मोबाइल पाहिला की त्यांचं डोकं दुखायचं. म्हणून त्या छताकडे पाहत राहायच्या. छताला ट्यूबलाइटच्या दोन रांगा होत्या, त्यातली एक सारखी फडफडायची. कोंडूचं पुस्तक निघणार असं ठरलं त्या दिवशी जागेश्वरांच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की शकुंतलाला आता तिथे वाचायला काही तरी होईल. एका हातात मावेल, उघडं राहील, चमकणार नाही, असं. पुढे बाकी सगळं त्या विचाराभोवतीच जमत गेलं.

हिमांशूला त्यांनी दवाखान्याचं सांगितलं नव्हतं. ते गोंदियाला डॉक्टरकडे येतात, एवढंच तो जाणत होता. बायकोचं डायलिसिस चालू आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि मग तुम्ही कामाचं काय बोलता ते कोणी ऐकत नाही, नुसतं हो हो म्हणतात, हे दोन वर्षांत त्यांना पुष्कळदा दिसलं होतं. छापखान्यात तरी त्यांना फक्त चित्र काढणारा माणूस म्हणून बसायचं होतं.

ते डमी पिशवीत घालून घरी घेऊन गेले. आमगावच्या स्टेशनवरून घरापर्यंत एका हाताने शकुंतलाबाईंना आधार आणि दुसऱ्या हातात ती पिशवी, असं चालताना त्यांचा खांदा भरून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकुंतलाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. जागेश्वर आतल्या दिवाणावर उताणे झाले, डावा हात अंगाशी धरून ठेवला आणि उजव्या हाताने डमी उघडून डोळ्यांसमोर धरली. पहिल्यांदा मनगट मागे वळलं. मग पुस्तक पोटावर टेकवून धरलं, तर पानं आपोआप मिटायला लागली. अंगठा मधे घातला तर पान उलटायला बोट उरेना. तिसऱ्यांदा पुस्तक हातातून सुटलं आणि पुठ्ठ्याचा कोपरा नाकावर आपटला.

आवाज ऐकून शकुंतलाबाई भिंतीला धरत आत आल्या.

"काय करून राहिले जी?"

"काई नाई. पाठ दुखून राहिली म्हनून पडलो."

"अन् नाकाले काय झालं?"

"माशी बसली होती."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि परत उन्हात जाऊन बसल्या.

शुक्रवारी जागेश्वरांनी डमी परत केली. पुढचा महिना कागदातच गेला. जागेश्वर छापखान्यात जाऊन नमुन्यांच्या गड्ड्या चाळायचे. हिमांशू मशीनवरच्या माणसाला पत्रिकांचे रंग सांगता सांगता त्यांच्याशी बोलायचा. तो स्वतः दमलेला होता. जुन्या अंकांची पानं स्कॅन करून, त्यावरचा पिवळेपणा काढून, मागच्या पानाची उमटलेली चित्रं पुसून, असं त्याने गेलं वर्षभर रोज थोडं थोडं केलं होतं. मागणी नोंदवलेले लोक 'कब आएगा' म्हणून विचारत होते. तरी म्हाताऱ्याला तोडून बोलणं त्याला जमत नव्हतं.

शेवटी जागेश्वरांनी एक कागद निवडला. मऊ, फुगीर, सायीच्या रंगाचा. हातात घेतला तर नसल्यासारखाच.

"यावर काळा बसणार नाही, सर," हिमांशू म्हणाला.

"बसते. तेव्हा तर त्याच्याहून रद्दी कागद होता."

"तेव्हा ब्लॉक नवीन होता, चित्र ओरिजिनल होतं. आता आपण छापलेल्यावरून छापून राहिलो."

"एक बार छापून तर पाय."

हिमांशूने छापलं. पत्रिकांचं काम बाजूला ठेवून, नव्या प्लेटा लावून, एक अख्खा ताव. जागेश्वर मशीनजवळ उभे होते. ताव बाहेर आला आणि हिमांशूने तो टेबलावर पसरला.

कागदाने शाई पिऊन टाकली होती. काळा राखाडी झाला होता. लाल रंगाचा विटकरी झाला होता. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. पण फुग्यांमधली अक्षरं पाहून ते खाली वाकले. शकुंतलाबाईंचा टाक बारीक होता. त्यांच्या 'ध'ची गाठ, 'घ'चं पोट, 'श'चा वळसा, सगळं भरून आलं होतं. एका फुग्यात कोंडू म्हणत होता, 'थांबलो तर डाक थांबेल', आणि त्यातला 'थ' नुसता ठिपका झाला होता. वाचता येत होतं, पण अक्षर तिचं राहिलं नव्हतं.

"मी शाई कमी करून पाहतो," हिमांशू म्हणाला.

"नको. चित्र अजून फिकं होईन."

"हां. वो तो होगा."

मशीनवरचा माणूस चहा प्यायला बाहेर गेला. जागेश्वर स्टुलावर बसले.

"दोन भाग करून टाकू," ते म्हणाले. "कागद तुहाच ठेव, पन पुस्तकं दोन. वजन अर्धं होईन."

"सर, लोकांनी एक पुस्तक म्हणून बुक केलं आहे. दोन बांधण्या, दोन कव्हर... आता नाही होणार." हिमांशू समोरच्या गठ्ठ्यावर बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "माफ करा, पर एक बात पूछूं? एवढं वजनाचं काय आहे? पुस्तक टेबलावर ठेवून वाचता येते ना."

मग जागेश्वरांनी सांगितलं. मंगळवार, शुक्रवार, डावा हात, छताचे दिवे, सगळं. सांगताना ते तावाच्या कडेवर बोट फिरवत होते. हिमांशूचा चेहरा बदलेल म्हणून त्यांनी वर पाहिलंच नाही.

हिमांशू गठ्ठ्यावरून पुढे सरकला. मग म्हणाला, "काकूंना विचारलं का?"

"काय?"

"की त्यांना कोणता पाहिजे."

जागेश्वरांनी नाही म्हणून मान हलवली. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी हिमांशू दवाखान्यात आला. एका हाताखाली चकचकीत डमी आणि दुसऱ्या हातात मऊ कागदाचा गुंडाळलेला ताव. मशीन सांभाळणारी टीना सिस्टर आधी नाही म्हणाली. मग पुस्तक पाहून तिने दोघांनाही थोडा वेळ आत बसू दिलं.

शकुंतलाबाईंच्या अंगावर घरून आणलेली गोधडी होती. तोंड सुकलेलं होतं. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे त्या ओठावरून नुसती जीभ फिरवत होत्या. त्यांनी हिमांशूला नीट पाहून घेतलं.

"तुहे बाबा दर अंकाले पत्र पाठवत," त्या म्हणाल्या. "अक्षर बेकार होतं त्यायचं."

हिमांशू हसला. त्याने ताव उलगडून त्यांच्यासमोर धरला. शकुंतलाबाईंनी मान थोडी उचलली, पाहिलं आणि उशीवर परत टाकली.

"हे मी नाई लिहिलं."

"तूच लिहिलं," जागेश्वर म्हणाले. "कागदानं शाई पेली."

"असन. दुसरं दाखव बाबू."

हिमांशूने डमी उघडून त्यांच्या उजव्या हाताशी टेकवली. वरच्या दिव्याची रेघ पानावर पडली. शकुंतलाबाईंनी बोटाने कागद चाचपला, वरून खाली, मग फुग्यावर थांबून पुन्हा एकदा. रेघ चुकवायला त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे.

"हाच बरा हाय," त्या म्हणाल्या.

जागेश्वरांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. "हा? अवो, हा चमकते. लाल भडक हाय. अन् धरून पाय एका हातानं. पाय तर."

"मले दिसून राहिलं चमकते ते."

"मंग?"

"मंग काय? हाच बरा."

जागेश्वरांचा आवाज वाढला. पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाने डोळे उघडले. "मी महिनाभर याच्या मागं लागून हाओ. या पोराले किती तरास दिला. तुले इथं वाचता आलं पायजे म्हनून. अन् तू म्हनते हाच बरा!"

"मले कोनी सांगितलं? तुमी मले विचारलं काऊन नाई?"

टीना सिस्टरने येऊन मशीनवरचा आकडा पाहिला आणि 'हळू बोला' अशी हाताने खूण केली.

शकुंतलाबाई जरा दम घेऊन बोलल्या, पण नवऱ्याकडे न पाहता, हिमांशूकडे पाहून. "आमगावच्या बाजारात मी एक डाव फुटाने घेतले होते. पुडा कोंडूचाच होता. माह्याच अक्षराचा. कोंडूच्या अंगावर मीठ अन् तेल. हे हासले होते." त्यांनी ओठावरून जीभ फिरवली. "मी नाई हासले. चार चार रात्री बसून लिहो मी ते. लेकरू लहान होतं. अन् दोन महिन्यानं त्याचा पुडा होये. एक डाव चांगल्या कागदावर येऊ द्या ना जी. आतापर्यंत सारं रद्दीवरच तर छापलं."

"पन तू वाचशीन कशी?" जागेश्वरांनी विचारलं. आता आवाज खाली आला होता.

"तुमी धरा ना. नाई तरी चार तास बाहेर बसून करता काय?"

हिमांशू खाली बघत ताव गुंडाळत राहिला. जागेश्वर उठले आणि बाहेर गेले.

बाहेरच्या बाकावर ते बसले तेव्हा त्यांना गहिवरून वगैरे आलं नाही. त्यांना राग आला होता, आणि राग धरायचीही ताकद नव्हती. महिनाभर ज्याच्यासाठी नाक फोडून घेतलं ते कोणी मागितलंच नव्हतं. त्यांना तो फुटाण्याचा पुडा आठवत नव्हता. आपण हसलो असू, यात मात्र शंका नव्हती. त्या वयात ते कशालाही हसायचे.

हिमांशू कागदी पेल्यात चहा घेऊन आला आणि बाजूला बसला.

"मग, सर? फायनल करू?"

"कर बाबा. काय करायचं ते कर."

"लाल जरा खाली आणतो मी. भडक दिसते."

"पाय. जमलं तर पाय."

संध्याकाळच्या गाडीत दोघं शेजारी बसून आमगावला परतली. मशीनवरून उठल्यावर शकुंतलाबाईंच्या अंगात त्राण नसायचं. त्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेल्या. घरी आल्यावर जागेश्वरांनी भात टाकला, भाजी गरम केली. वाढताना त्या म्हणाल्या, "त्या पोराले एक डाव जेवाले बलावा." जागेश्वर हो म्हणाले.

पुस्तक चैत्रात आलं. ऊन तोवर इतकं वाढलं होतं की स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतही ऑटो करावा लागत होता. शकुंतलाबाईंचं वजन उतरलं होतं आणि त्यांना आता आठवड्यातून दोनऐवजी तीनदा यावं लागायचं. हिमांशूने पहिली प्रत स्वतः आणून दिली. नागपूरहून बांधणी होऊन आलेली, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली. तो थांबला नाही. दुकानात पार्सलं बांधायची पडली होती.

टीना सिस्टरने सुया लावल्या, पट्टी चिकटवली. जागेश्वरांनी एक स्टूल ओढून खुर्चीच्या उजव्या अंगाला लावलं, प्लास्टिक दाताने फाडलं आणि पुस्तक उघडून बायकोच्या तोंडासमोर धरलं.

"दिसते?"

"दिवा दिसते."

त्यांनी पुस्तक जरा झुकवलं.

"आता?"

"अजून खाली. नाई, एवढं नाई. वर. हां. आता हालू नका."

पहिल्या पानावर नावं होती. 'चित्रे आणि कथा: जागेश्वर रहांगडाले.' त्याखाली, तेवढ्याच मोठ्या टायपात, 'अक्षरलेखन: शकुंतला रहांगडाले.' जुन्या अंकांवर हे कधी छापलं गेलं नव्हतं. हिमांशूने कोणाला न विचारता घातलं होतं. जागेश्वर बाजूने पाहत होते. शकुंतलाबाईंनी ते वाचलं, बहुतेक दोनदा वाचलं, कारण त्यांना वेळ लागला.

"पुढं," त्या म्हणाल्या.

जागेश्वरांनी पान उलटलं. अशी पानं उलटत गेली. कोन एकदा सापडला तरी पान बदललं की तो सुटायचा. डावीकडचं पान वाचायला पुस्तक एका बाजूला कलवायचं आणि उजवीकडच्याला दुसऱ्या. जागेश्वरांनी आधी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, मग गुडघ्यावर उशी घेतली, मग दोन्ही. दंड भरून आले. मधेच पुस्तक खाली आलं आणि शकुंतलाबाई ओळ हरवून बसल्या.

"थकले का?"

"नाई. वाच तू."

"लाल भडकच आला जी."

"मी म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतं तुमी."

थोड्या वेळाने शकुंतलाबाईंनी एका फुग्यावर बोट ठेवलं. "इथं अनुस्वार राह्यला. 'सांग'चं 'साग' झालं."

जागेश्वरांनी डोळे बारीक करून पाहिलं. खरंच राहिला होता. इतकी वर्षं कोणालाच दिसला नव्हता. बोटाला शाई लागणाऱ्या त्या कागदावर असले ठिपके असले काय, नसले काय, कळतच नसे. इथे मात्र लख्ख दिसत होतं.

"तेव्हा ओमेशले ताप होता," शकुंतलाबाई म्हणाल्या. ओमेश म्हणजे त्यांचा मुलगा. तो आता हैदराबादला असतो आणि रविवारी फोन करतो. "त्याच रात्री लिहिलं असन मी. त्याले मांडीवर घेऊन लिहीत होती."

"हिमांशूले सांगू का? पुढच्या छपाईत टाकून देईन."

"कायले? राहू द्या."

अजून काही पानं झाली. मग त्यांचं बोट पुस्तकाच्या कडेवरून घसरलं आणि डोळे मिटले. जागेश्वर तसेच धरून बसले, त्या उघडतील म्हणून. उघडले नाहीत. श्वास सावकाश चालू होता. टीना सिस्टरने येऊन दाब पाहिला, 'ठीक आहे' म्हणाली आणि जाताना पुस्तकात डोकावली.

"तुम्ही काढलं हे, आजोबा?"

"हो."

"काळा मस्त आला आहे."

"हो. काळा चांगला आला," जागेश्वर म्हणाले. मऊ कागदावर काळा बसत नाही, हे हिमांशूचं खरंच होतं.

त्यांनी पुस्तक मांडीवर उतरवून घेतलं. बंद करायला हात घातला आणि थांबले. समोरच्या पानावर कोंडू पुराच्या काठाला उभा होता, थैली डोक्यावर घेऊन. पलीकडे कोणी तरी कंदील हलवत होतं. ते कोण, आणि कोंडू नदी पार कशी करतो, हे जागेश्वरांना काही केल्या आठवेना. काढलं त्यांनीच होतं. छापून आलेला अंक त्यांनी कधी सलग वाचला नव्हता. तोवर पुढच्या अंकाची घाई लागलेली असायची.

त्यांनी चष्मा पुसला, पान दिव्याच्या रेघेतून बाजूला घेतलं आणि वाचायला लागले. हात दुखत होते म्हणून सावकाश, एकेक फुगा. मशीनचा बीप वाजला आणि टीना सिस्टर सुया काढायला आली, तेव्हा कोंडू अजून अलीकडच्याच काठावर होता.